ब्लेझ कॉम्पाओरे : सत्तावीस वर्षं आणि कलम ३७

पो हे बुर्किना फासोच्या दक्षिण सीमेजवळचं, लष्करी छावणीमुळे ओळखलं जाणारं लहानसं गाव. राजधानी वागादुगूपासून सुमारे दीडशे किलोमीटर, आणि तिथून घानाची हद्द जवळच. ४ ऑगस्ट १९८३ रोजी या गावातून कमांडोंनी भरलेले ट्रक राजधानीच्या दिशेनं निघाले. त्यांचा म्होरक्या होता बत्तीस वर्षांचा एक कॅप्टन, ब्लेझ कॉम्पाओरे. तो स्वतःसाठी सत्ता घ्यायला निघाला नव्हता. सरकारनं अटकेत टाकलेल्या आपल्या जिवलग मित्राला राष्ट्राध्यक्ष करायला निघाला होता. त्याच रात्री ते काम फत्ते झालं. चार वर्षांनी तो मित्र भर दुपारी गोळ्या घालून मारला गेला आणि त्याच्या जागी कॉम्पाओरे बसला. पुढची सत्तावीस वर्षं तो तिथून हलला नाही.

आफ्रिकेतल्या हुकूमशहांचा विषय निघाला की आपल्याकडे ईदी अमीन आणि बोकासा ही नावं हटकून येतात. छातीभर पदकं, बडबड, उघड क्रौर्य. कॉम्पाओरे त्या पठडीतला नव्हता. उंच, देखणा, मोजकं बोलणारा. परदेशी पाहुण्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेणारा. त्याच्या राज्यात निवडणुका होत, विरोधी पक्ष असत, खाजगी वर्तमानपत्रं निघत. पॅरिस आणि वॉशिंग्टनचे मुत्सद्दी त्याच्याकडे सल्ल्याला येत. हुकूमशाहीची ही शांत जात जास्त टिकते आणि जास्त खोल नुकसान करते, असं माझं मत आहे. म्हणूनच या माणसाची गोष्ट नीट सांगायला हवी.

हा देश १९६० मध्ये फ्रान्सच्या ताब्यातून सुटला तेव्हा त्याचं नाव अपर व्होल्टा होतं. समुद्रकिनारा नाही, उत्तरेला सहाराच्या कडेचा कोरडा पट्टा, पावसाचे तीन-चार महिने आणि त्यावर पिकणारी ज्वारी-बाजरी. कामासाठी माणसं दक्षिणेला आयव्हरी कोस्टच्या कोको आणि कॉफीच्या मळ्यांवर जात. आजही तिथे बुर्किनाचे लाखो लोक राहतात. देश गरीब असला तरी त्याच्या शहरांमध्ये एक गोष्ट पहिल्यापासून भक्कम होती, ती म्हणजे कामगार आणि शिक्षकांच्या संघटना. पहिला राष्ट्राध्यक्ष मोरिस यामेओगो यानं पगारकपात जाहीर केली, तेव्हा ३ जानेवारी १९६६ रोजी या संघटना रस्त्यावर उतरल्या आणि त्याला जावं लागलं. सत्ता लष्कराच्या हाती गेली खरी, पण आपण रस्त्यावर उतरलो तर राष्ट्राध्यक्ष पडतो हा धडा त्या शहरानं तेव्हाच गिरवला. कॉम्पाओरेला तो पुढे पार महागात पडला.

थॉमस सांकारा आणि ब्लेझ कॉम्पाओरे यांची मैत्री सत्तरच्या दशकातली. दोघेही तरुण अधिकारी, दोघांनाही मोरोक्कोत छत्रीधारी सैनिकाचं शिक्षण मिळालेलं. सांकारानं १९७६ पासून पो इथल्या कमांडो प्रशिक्षण केंद्राची घडी बसवली, पुढे ते केंद्र कॉम्पाओरेकडे आलं. कॉम्पाओरेचे आईवडील लवकर गेले होते. सांकाराच्या वडिलांनी त्याला घरचाच मुलगा मानलं. तो त्यांच्या घरी येई, जेवे, राही. पुढे जे घडलं त्यात या कुटुंबाला सगळ्यात जास्त जखम झाली ती याच कारणानं.

सांकारा बोलका, गिटार वाजवणारा, वाचणारा आणि उतावळा होता. जानेवारी १९८३ मध्ये तो पंतप्रधान झाला आणि मार्चमध्ये अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेसाठी नवी दिल्लीला आला. फिडेल कास्त्रोशी त्याची भेट झाली ती इथेच. त्याची भाषा फ्रान्सला रुचणारी नव्हती आणि मायदेशातल्या राष्ट्राध्यक्षालाही. १७ मे रोजी त्याला अटक झाली. कॉम्पाओरे अटकेतून निसटला, पो गाठून बसला आणि केंद्रातल्या कमांडोंसह सरकारला दाद देईना. त्यातूनच ऑगस्टची ती मोहीम निघाली.

सांकाराच्या चार वर्षांबद्दल आफ्रिकेत आजही भारावून बोललं जातं, आणि त्यातलं बरंचसं खरं आहे. सरकारी मर्सिडीज गाड्या विकून मंत्र्यांना छोट्या रेनो-५ मध्ये बसवलं गेलं. काही आठवड्यांच्या मोहिमेत वीस लाखांहून अधिक मुलांना गोवर, मेंदूज्वर आणि पीतज्वराच्या लशी टोचल्या. मुलींच्या जननेंद्रियांच्या छेदनावर आणि सक्तीच्या लग्नांवर बंदी आली. सरकारी नोकरांनी देशी कापसाचं हातमागाचं कापड वापरावं असा हुकूम निघाला. ४ ऑगस्ट १९८४ रोजी देशाला बुर्किना फासो हे नवं नाव मिळालं. पण याच राजवटीत संप करणाऱ्या चौदाशेच्या आसपास शिक्षकांना एका फटक्यात काढून टाकलं, कटाच्या आरोपावरून सात जणांना गोळ्या घातल्या, आणि क्रांती समित्यांच्या बंदूकधारी पोरांनी गावोगावी मनमानी केली. ज्या संघटनांनी राजवट डोक्यावर घ्यायची, त्याच तिच्यापासून तुटल्या. सांकारा एकटा पडत गेला. कॉम्पाओरे या सगळ्यात दुसऱ्या क्रमांकाचा माणूस होता. १९८५ मध्ये त्यानं आयव्हरी कोस्टच्या शांताल तेरासोंशी लग्न केलं. तिच्या घराची ऊठबस तिथला राष्ट्राध्यक्ष फेलिक्स उफुएत-ब्वान्यी याच्या वर्तुळात होती. उफुएत म्हणजे फ्रान्सचा या भागातला सर्वात जुना आणि विश्वासू दोस्त. सांकाराच्या उपदेशांनी तो हैराण झालेला होता.

१५ ऑक्टोबर १९८७ हा गुरुवार होता. दुपारनंतर सरकारी नोकरांनी सामूहिक व्यायाम करायचा, असा सांकाराचाच नियम. त्यामुळे तोही खेळाच्या पोशाखातच बैठकीला आला. जागा होती कॉन्सेई द लान्तान्त, म्हणजे राजधानीतल्या सरकारी इमारतींचं एक आवार. चारच्या सुमारास तो आपल्या सल्लागारांसोबत एका दालनात बसला आणि लगेच बाहेर गाड्या थांबल्याचा आणि गोळीबाराचा आवाज आला. त्या खोलीतून जिवंत सुटलेल्या एकमेव माणसानं पुढे आयुष्यभर सांगितलं ते असं : सांकारा उठला, त्यांना मी हवा आहे, तुम्ही आतच थांबा असं इतरांना म्हणाला आणि हात वर करून दाराबाहेर गेला. दारातच त्याला गोळ्या घातल्या. मग मारेकरी आत शिरले. सांकारासह तेरा माणसं मेली. त्याच रात्री घाईघाईत शहराच्या कडेच्या दान्योएँ दफनभूमीत त्यांना पुरण्यात आलं.

रेडिओवरून सांकाराला क्रांतीचा गद्दार ठरवण्यात आलं. कॉम्पाओरेनं सांगितलं की आपण आजारी होतो, घरी होतो, गोळीबार ऐकून बाहेर आलो. ही गोष्ट त्यानं पुढे कधी बदलली नाही. सरकारनं दिलेल्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं होतं, नैसर्गिक मृत्यू. हा कागद मला त्या हत्येइतकाच महत्त्वाचा वाटतो. माणूस मारणं एका तासाचं काम होतं. पण तो नैसर्गिकरीत्या मेला असं विधवेला आणि दोन मुलांना लेखी देणं, आणि तो कागद वर्षानुवर्षं तसाच ठेवणं, यात या राजवटीचा सगळा स्वभाव दिसतो. सांकाराची बायको मारियाम हिनं देश सोडला, पण न्यायालयांचे दरवाजे ठोठावणं सोडलं नाही. देशातल्या न्यायालयांनी तिला टोलवलं. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनं तिच्या बाजूनं कौल दिला. सरकारच्या कारभारात त्यानंही फारसा फरक पडला नाही.

कॉम्पाओरेनं आपल्या राजवटीला ‘सुधारणा’ असं नाव दिलं : क्रांती चालूच राहील, फक्त तिच्या चुका दुरुस्त होतील. दुरुस्ती वेगानं झाली. १९८३ च्या उठावात चार म्होरके होते. सांकारा गेला, उरलेल्या तिघांपैकी लिंगानी आणि आंरी झोंगो या दोघांना सप्टेंबर १९८९ मध्ये कटाच्या आरोपावरून गोळ्या घातल्या. एकटा कॉम्पाओरे उरला. इतक्यात सोव्हिएत छत्र कोसळलं आणि पाश्चात्त्य देश मदतीच्या बदल्यात लोकशाही मागू लागले. कॉम्पाओरेनं ती दिली. गणवेश उतरवला, सूट चढवला, जून १९९१ मध्ये सार्वमतानं राज्यघटना मंजूर करून घेतली. डिसेंबरच्या निवडणुकीवर विरोधकांनी बहिष्कार टाकला, तो एकमेव उमेदवार होता, आणि मतदारांपैकी जेमतेम चौथा हिस्सा मतदानाला आला. निवडणूक झाली आणि काही दिवसांत विरोधी नेता क्लेमां उमारू वेद्राओगो याचा राजधानीत खून झाला. जागतिक बँक आणि नाणेनिधीची कर्जं मात्र सुरू झाली. पुढच्या निवडणुकांची आकडेवारी द्यायला नको. ऐंशी टक्क्यांच्या खाली तो कधी फारसा आलाच नाही.

तो इतकी वर्षं टिकला कसा, हा प्रश्न इथे येतो. माझ्या मते त्याचं उत्तर देशाबाहेर आहे. कॉम्पाओरेनं स्वतःला शेजाऱ्यांसाठी आणि फ्रान्ससाठी अपरिहार्य करून ठेवलं. आधी आग लावणाऱ्यांच्या बाजूनं. लायबेरियात चार्ल्स टेलरनं यादवी सुरू केली तेव्हा बुर्किनाचे सैनिक त्याच्या बाजूनं लढले. मार्च १९९९ मध्ये युक्रेनहून ६८ टन शस्त्रास्त्रं वागादुगूच्या विमानतळावर उतरली, बुर्किनाच्या कागदपत्रांवर, आणि तिथून लायबेरियाकडे गेली. सिएरा लिओनमध्ये लहान मुलांचे हात तोडणाऱ्या बंडखोरांपर्यंत हा माल कसा पोचतो, हे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २००० च्या अहवालात मांडलं. अंगोलाच्या हिरेवाल्या बंडखोरांबाबतच्या अहवालातही त्याचं नाव आलं. आयव्हरी कोस्टमध्ये २००२ साली उत्तरेकडच्या सैनिकांनी बंड केलं, तेव्हा त्यांतले कितीतरी जण आधी वागादुगूत आसऱ्याला होते.

मग तोच माणूस आग विझवायला पुढे आला. टोगोतल्या पक्षांचा समझोता २००६ मध्ये त्याच्या मध्यस्थीनं झाला. आयव्हरी कोस्टची यादवी संपवणारा करार ४ मार्च २००७ रोजी वागादुगूतच झाला. गिनी, माली, सगळीकडे मध्यस्थ तोच. सहारात अल् कायदानं पाश्चात्त्य नागरिकांना ओलीस धरलं की सुटकेची बोलणी त्याच्या माणसांमार्फत होत. राजधानीजवळ फ्रान्सच्या खास दलांचा तळ आला, अमेरिकेची टेहळणी विमानं उडू लागली. बंडखोरांचे फोन नंबर ज्याच्याकडे, त्याच्याकडेच शांततेची किल्ली, असं ते गणित होतं. त्या देशांना त्याची गरज होती म्हणून त्यांनी घरच्या खुनांकडे पाहिलं नाही.

घरातही काही चांगलं घडलंच नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. कापसाचं उत्पादन वाढलं आणि काही वर्षं बुर्किना आफ्रिकेत पहिला राहिला. २००८ मध्ये तिथे बीटी कापूस व्यापारी तत्त्वावर आला. विदर्भातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट ओळखीची वाटेल, पण तिथला शेवट वेगळा झाला : नव्या वाणाचा धागा आखूड निघाला, बुर्किनाच्या लांब धाग्याची जगात जी पत होती ती घसरली आणि कापूस कंपन्यांनीच काही वर्षांत ते वाण मागे घ्यायला लावलं. २००९ पासून सोन्यानं कापसाला निर्यातीत मागे टाकलं. राजधानीच्या दक्षिणेला ‘वागा २०००’ नावाची रुंद रस्त्यांची, बंगल्यांची वसाहत उभी राहिली, तिथे कोस्याम राजवाडा बांधला गेला. जन्मगाव मानल्या जाणाऱ्या झिन्यारेत राष्ट्राध्यक्षानं स्वतःचं प्राणिसंग्रहालय उभारलं. पैसा फिरत होता, पण तो भाऊ फ्रांस्वा आणि आसपासच्या कुटुंबांभोवती फिरत होता. मानवी विकासाच्या यादीत देश तळालाच राहिला.

आता दुसऱ्या खुनाकडे येतो. नॉर्बर झोंगो हा ‘लँदेपांदां’ या साप्ताहिकाचा संपादक. आंरी सेब्गो या टोपणनावानं लिहायचा. जानेवारी १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्षाच्या भावाचा, फ्रांस्वाचा ड्रायव्हर दाविद वेद्राओगो मरण पावला. त्याच्यावर घरातले पैसे चोरल्याचा आळ होता आणि त्याला राष्ट्राध्यक्षाच्या सुरक्षादलाच्या ताब्यात हालहाल करून मारलं गेलं. एका नोकराच्या मृत्यूची चौकशी करतो कोण, असा त्या वर्तुळाचा हिशेब असणार. झोंगोनं केली. दर आठवड्याला तो नवा धागा छापत गेला : ड्रायव्हरला कुणी उचललं, कुठे नेलं, भावाला साधं साक्षीला का बोलावत नाहीत. धमक्या आल्या, त्याही त्यानं छापल्या. १३ डिसेंबर १९९८ रोजी सापुई गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याची गाडी जळालेली सापडली. आत चार मृतदेह होते, झोंगो, त्याचा धाकटा भाऊ आणि दोन सोबती. गाडीवर गोळ्यांच्या खुणा होत्या.

यानंतर जे झालं ते राजवटीला अनपेक्षित होतं. शाळा ओस पडल्या, दुकानं बंद झाली, कोडुगू या झोंगोच्या भागात जाळपोळ झाली. संघटना, वकील, विद्यार्थी यांनी एकत्र येऊन आघाडी काढली. ‘पुरे म्हणजे पुरे’ ही तिची घोषणा. चौकशी आयोग नेमावा लागला आणि त्यानं सुरक्षादलातल्या सहा जणांवर गंभीर संशय नोंदवला. आरोप ठेवला गेला एकावरच, आणि २००६ मध्ये त्याच्यावरचाही खटला पुराव्याअभावी काढून टाकला. पण रस्त्यानं एक गोष्ट पदरात पाडून घेतली. १९९७ मध्ये कॉम्पाओरेनं घटनेतली मुदतीची मर्यादा काढून टाकली होती. २००० मध्ये ती परत घालावी लागली : कलम ३७ नुसार राष्ट्राध्यक्षाला पाच वर्षांच्या दोनच मुदती. त्याच्या वकिलांनी अर्थ असा लावला की मोजणी नव्यानं सुरू होते. त्यामुळे २००५ आणि २०१० च्या निवडणुका त्यानं लढवल्या, जिंकल्या. नोव्हेंबर २०१५ मात्र शेवट होता. झोंगोच्या मृत्यूनं कॉम्पाओरेच्या गळ्यात तारीख बांधली, असं मी म्हणेन.

ती तारीख जवळ येऊ लागली तेव्हा पायाखालची जमीनही हलू लागली होती. फेब्रुवारी २०११ मध्ये कोडुगूत पोलिसांच्या मारहाणीनंतर एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. सरकारनं कारण दिलं, मेंदूज्वर. मृत्यूच्या कागदावर खोटं कारण लिहिण्याची जुनी सवय. देशभर निदर्शनं झाली, मग सैनिकांनी छावण्यांतून बंड केलं, आणि १४ एप्रिलच्या रात्री खुद्द राष्ट्राध्यक्षाच्या सुरक्षा रेजिमेंटनं थकलेल्या भत्त्यांसाठी गोळ्या झाडल्या. कॉम्पाओरे रातोरात झिन्यारेला पळाला. परत आल्यावर त्यानं पैसे वाटले, पंतप्रधान बदलला, संरक्षण खातं स्वतःकडे घेतलं. वेळ निभावली. पण त्याला पळताना सगळ्यांनी पाहिलं होतं.

जानेवारी २०१४ मध्ये पक्षाचे जुने खांब, रोश काबोरे, सालिफ दियालो आणि सिमों कॉम्पाओरे, बाहेर पडले आणि त्यांनी नवा पक्ष काढला. आदल्या वर्षी स्मोकी हा रॅपर आणि साम्सके ले जा हा रेगे गायक यांनी ‘बाले सितुआयां’, म्हणजे नागरिकांचा झाडू, ही चळवळ उभी केली होती. तिच्यात येणारी पोरं कॉम्पाओरेच्या काळात जन्मलेली. दुसरा राष्ट्राध्यक्ष त्यांनी पाहिलाच नव्हता. तरी त्यांच्या सदऱ्यांवर चित्र होतं सांकाराचं. ज्याला त्यांनी पाहिलं नाही, ज्याचं नाव शाळेत घेतलं जात नव्हतं, त्याची भाषणं त्यांनी कॅसेटवर आणि मोबाइलवर ऐकलेली होती.

ऑक्टोबरमध्ये फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष ओलांद यानं कॉम्पाओरेला पत्र लिहून सुचवलं की घटनेला हात लावू नका, एखाद्या आंतरराष्ट्रीय पदासाठी आम्ही पाठीशी उभे राहू. सन्मानानं जायची ती शेवटची वाट होती. त्यानं ती घेतली नाही. २१ ऑक्टोबरला सरकारनं कलम ३७ बदलण्याचं विधेयक मंजूर करून संसदेकडे पाठवलं. १२७ जागांच्या संसदेत त्याच्या पक्षाकडे ७० होत्या, एका मित्रपक्षानं पाठिंबा जाहीर केला, आणि तीन-चतुर्थांश मतं मिळाली तर सार्वमताचीही गरज नव्हती.

२७ तारखेला वागादुगूच्या बायका रस्त्यावर आल्या. त्यांच्या हातात लाकडी चाटू होते. तिथलं रोजचं अन्न म्हणजे बाजरी-ज्वारीच्या पिठाचा ‘तो’, आपल्या घाट्यापेक्षा घट्ट. तो घोटायला लांब दांड्याचा भक्कम चाटू लागतो. घरातल्या बाईनं हा चाटू पुरुषावर उगारणं हा तिथे मोठा अपशकुन मानतात, शापासारखा. शेकडो बायकांनी तो एकाच माणसावर उगारला. दुसऱ्या दिवशी लाखोंचा मोर्चा निघाला. जमण्याच्या चौकाचं नाव सरकारनं बदललं होतं, लोकांनी त्याला पुन्हा सांकाराच्या काळचं नाव दिलं, क्रांती चौक.

३० ऑक्टोबरच्या सकाळी मतदान होतं. खासदारांना आदल्या रात्री संसदेशेजारच्या हॉटेलात आणून ठेवलं होतं. गर्दीनं सुरक्षा कडी तोडली, सभागृहात शिरली आणि इमारत पेटली. मतदान झालंच नाही. सरकारी दूरचित्रवाणीचं प्रक्षेपण बंद पडलं, सत्ताधाऱ्यांची घरं लुटली गेली, कोस्यामच्या वाटेवर सुरक्षा रेजिमेंटनं गोळीबार केला. त्या दिवसांत तीसच्या आसपास माणसं मेली. रात्री कॉम्पाओरे पडद्यावर आला, विधेयक मागे घेतलं आणि सांगितलं की मुदत संपल्यावर सत्ता सोडेन. आदल्या आठवड्यात हे पुरलं असतं. ३१ तारखेला दुपारी त्यानं राजीनामा दिला आणि गाड्यांचा ताफा दक्षिणेला निघाला, पोच्या रस्त्यानं. १९८३ मध्ये तो ज्या रस्त्यानं राजधानीत शिरला, त्याच रस्त्यानं तो पळाला, आणि वाटेतून फ्रान्सनं त्याला उचलून आयव्हरी कोस्टमधल्या यामुसुक्रोला पोचवलं. १ नोव्हेंबरला वागादुगूचे तरुण झाडू घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी जळके टायर, काचा, दगड उचलून रस्ते साफ केले.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. सप्टेंबर २०१५ मध्ये त्याच सुरक्षा रेजिमेंटनं कॉम्पाओरेचा उजवा हात जनरल जिल्बेर दियेंदेरे याच्या नेतृत्वाखाली सत्ता बळकावली. लोकांनी रस्ते अडवले, इतर छावण्यांतलं सैन्य राजधानीवर चालून आलं आणि आठवड्यात बंड कोसळलं. रेजिमेंट बरखास्त झाली. जानेवारी २०१६ मध्ये राजधानीतल्या हॉटेलवर जिहादी हल्ला होऊन तीस जण मेले, आणि मग उत्तर व पूर्व भागातली गावं एकामागून एक जिहादींच्या हाती जाऊ लागली. मार्च २०२३ पर्यंत वीस लाखांहून जास्त लोक देशातच विस्थापित झाले होते. २०२२ मध्ये दोन लष्करी उठाव झाले. कॉम्पाओरे असता तर हे झालं नसतं, असं बोलणारे तिथे आहेत, आणि त्यांची भीती समजण्यासारखी आहे. पण मला हे पटत नाही. त्यानं सगळी चांगली शस्त्रं आणि पगार सुमारे तेराशे सैनिकांच्या एका रेजिमेंटला दिले, कारण तिचं काम त्याचं रक्षण करणं होतं. उरलेल्या सैन्यावर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून ते त्यानं दुबळं ठेवलं. सीमेवरच्या बंदूकवाल्यांशी बोलून शांतता विकत घेता येत होती तोवर हे चाललं. तो गेला तेव्हा देशाकडे त्या ओळखीही उरल्या नाहीत आणि लढणारं सैन्यही नव्हतं.

मे २०१५ मध्ये दान्योएँतली कबर उकरली गेली. आतल्या अवशेषांवर अनेक गोळ्यांच्या खुणा होत्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये वागादुगूत लष्करी न्यायालयासमोर खटला उभा राहिला, हत्येनंतर तब्बल चौतीस वर्षांनी. दियेंदेरे आरोपीच्या पिंजऱ्यात होता, कॉम्पाओरेची खुर्ची रिकामी होती. सरकारी वकिलांनी त्याला तीस वर्षांची शिक्षा मागितली. ६ एप्रिल २०२२ रोजी न्यायालयानं त्याला, दियेंदेरेला आणि कॉम्पाओरेच्या सुरक्षापथकाचा प्रमुख यासेंत काफांदो याला जन्मठेप दिली.

जुलैमध्ये नव्या लष्करशहाच्या आमंत्रणावरून, माजी राष्ट्राध्यक्षांच्या बैठकीसाठी कॉम्पाओरे वागादुगूला आला. शिक्षा झालेल्या माणसाला विमानतळावर अटक झाली नाही, स्वागत झालं. मृतांची कुटुंबं आणि वकील संतापले. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याचं पत्र वाचून दाखवण्यात आलं. त्यात त्यानं आपल्या कारकिर्दीतल्या कृत्यांबद्दल देशाची, आणि विशेष करून आपला भाऊ आणि मित्र थॉमस सांकारा याच्या कुटुंबाची क्षमा मागितली. गोळ्या कुणी घालायला सांगितल्या, हे त्यात नव्हतं. झोंगोच्या खुनाच्या प्रकरणात हवा असलेला फ्रांस्वा फ्रान्समध्ये होता, आणि त्याला बुर्किनाच्या हवाली करण्याचा निर्णय फ्रान्सनं २०२३ मध्ये रद्द केला.

कॉम्पाओरेनं २०१४ मध्येच आयव्हरी कोस्टचं नागरिकत्व घेतलं आहे. तो आबिजानला राहतो. सांकाराच्या खुनाबद्दल झालेल्या जन्मठेपेतला एक दिवसही त्यानं तुरुंगात काढलेला नाही.